सुरुवातीचं रक्त

नीरजाताईंना पार्किन्सन्स असल्याचं महिन्यापूर्वीच कळलं होतं. संशोधनासाठी रक्त द्यावं की नाही, हे न ठरवताच त्या डेक्कनवरच्या केंद्रात येऊन बसल्या. शेजारी एक वयस्क जोडपं बोलत होतं.

“अहो, आजार मेंदूत, मग रक्तात काय शोधणार?”

“सुरुवातीलाच रक्तात काय बदलतं, ते. हात थरथरायच्या आधी कळलं तर बरं.”

“तुमचा तर थरथरतोय.”

“नुकताच थरथरायला लागलाय. म्हणून तर माझं रक्त त्यांच्या उपयोगाचं.”

“आणि तुम्हाला काय फायदा?”

“चहा-बिस्किट मिळेल.”

“हात हलून सुई चुकली म्हणजे?”

“तू धरशील की.”

“आणा इकडे.”

“अगं, आत गेल्यावर.”

“आत्तापासूनच धरते.”

“नीरजा दांडेकर!” आतून हाक आली. “फॉर्मवर सही केलीत?”

“पेन द्या,” नीरजाताई म्हणाल्या.