हद्दीवरचा ढग

मुक्ता : हसू नका, बाबा. पोलीस सगळं लिहून घेऊन गेलेत. आता शेजारच्या फ्राऊ क्लाईननं तक्रार केली की संपलं!

शशिकांत : हसत नाहीये गं. पोलीस सभ्य होता, एवढंच म्हणालो. एक खोकं तोही उचलू लागला.

मुक्ता : शेजारणीच्या केलरमधून सामान काढत होतात तुम्ही! मी मीटिंग सोडून हायडेलबर्गहून धावत आले.

शशिकांत : पळवत नव्हतो. तळघरातून वर जिन्यात ठेवत होतो. तिच्या नवऱ्यानं काढलेल्या फोटोंच्या स्लाइड्स, खोकीच्या खोकी, सगळी जमिनीवर. संध्याकाळी तिथे पाणी शिरणार.

मुक्ता : कोण म्हणालं?

शशिकांत : टीव्ही.

मुक्ता : टीव्ही मीही बघितला काल. हेसनच्या बातम्यांत चक्क सूर्य होता.

शशिकांत : हेसनपुरता! राज्याची हद्द संपली की नकाशा संपतो, पुढे नुसतं करडं. त्यात आपलं गाव पार शेपटाला, तापमानाच्या आकड्याखाली झाकलेलं. मग मी नदीपलीकडच्या राज्याची वाहिनी लावली. तिथे हा एवढा काळा ढग. पण तोही हद्दीपाशी कापलेला, जसा काही व्हिसा नाही म्हणून थांबलाय. दोन्ही नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढले, जोडून ठेवले...

मुक्ता : आणि ढग आपल्या डोक्यावर.

शशिकांत : गेनाऊ! अगदी बरोबर.

मुक्ता : बाबा, ॲपवर पावसाची शक्यता वीस टक्के आहे.

शशिकांत : चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली मी. मागचा ओढा बघ जाऊन, आत्ताच काठाला लागलाय.

मुक्ता : आणि गुरुवारी तुमच्या इथे राहण्याच्या परवान्यासाठी ऑफिसात टर्मिन आहे, वेळ मिळालीये, ते? तिथल्या अधिकारी बाईंनी पोलिसांचा कागद काढला तर काय सांगू? आई गेल्यावर तुम्हाला इथे आणायला दीड वर्ष लागलंय मला.

शशिकांत : ...ते नाही आलं डोक्यात. क्लाईनबाईंची बेल दोनदा वाजवली होती. घरी नव्हत्या.

मुक्ता : मग मला फोन करायचा.

शशिकांत : तू वीस टक्के म्हणाली असतीस.

मुक्ता : पोलिसांना कोणी बोलावलं?

शशिकांत : वरच्या मजल्यावरच्या फोगेलनं.

मुक्ता : आठ महिने रोज गुटन टाग करता तुम्ही त्याला!

शशिकांत : हो ना. पोलिसांना म्हणाला म्हणे, कोणीतरी अनोळखी माणूस आहे.

(संध्याकाळ. बाहेर पाऊस कोसळतोय. मुक्ता जिन्यातून आत येते.)

मुक्ता : फ्राऊ क्लाईन आल्यात.

शशिकांत : तक्रार करतायत?

मुक्ता : नाही. केलरमध्ये वीतभर पाणी आहे, बाबा. त्या पायरीवर बसल्यात, ओला कोटसुद्धा काढला नाहीये. एकेक स्लाइड दिव्यापुढे धरून बघतायत. रडतायत की हसतायत, काही कळत नाही.

शशिकांत : भिजल्या नाहीत ना स्लाइड्स?

मुक्ता : एकही नाही. उद्या त्या स्वतः पोलिसांकडे जाऊन सांगणार आहेत, सामान मीच काढायला सांगितलं होतं म्हणून. जर्मन बाई, आणि माझ्यासमोर ठरवून खोटं बोलायला निघालीये.

शशिकांत : म्हणजे गुरुवार...

मुक्ता : नीट होईल. आणि बाबा, मघाशी मी जरा जास्तच ओरडले.

शशिकांत : घाबरली होतीस. आपल्या बादल्या कुठे असतात गं?

मुक्ता : कशाला?

शशिकांत : तळघरात फोगेलच्या कप्प्याला कुलूप होतं, त्याचं काही काढता आलं नाही. खाली एकटाच पाणी उपसतोय, आवाज ऐक.

मुक्ता : त्याच्या मदतीला जाताय?

शशिकांत : जातो की. पण तूही चल. मी एकटा दिसलो, तर परत फोन करेल.