पाणंदीत सोडलेलं पाणी

ऐका. श्राद्धाच्या आदल्या रात्री सुमेधाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सासऱ्यांचं श्राद्ध उद्यावर आणि आठल्ये गुरुजी तापानं आडवे. ब्राह्मणाला दान पोचलं नाही तर म्हातारा अडकेल, नि अडकलेला म्हातारा नातीभोवती घुटमळेल. कॉलेजात शिकलेली बाई, भुतंखेतं मानत नव्हती; पण पोर खोकलं की सगळंच खरं वाटतं हो.

दुसऱ्या दिवशी ठरलं, गुरुजींच्या घरी शिधाच न्यायचा. स्वयंपाक, पानं, पाहुणे उरकेतो अंधार पडला. एका हातात शिध्याची पिशवी नि पाण्याचा गडू, दुसऱ्या हातात चार वर्षांची मनवा, तिच्या मुठीत अर्धा खाल्लेला वडा. जवळची म्हणून पाणंदीची वाट धरली. दोन्हीकडे दगडांचे गडगे, वर झाडांचं छप्पर.

तर मागून कुणी खोकलं. थेट सासऱ्यांसारखं. कुणी म्हातारा पुढं आला, अंधारात तोंड दिसेना, म्हणाला, मीही तिकडेच निघालोय. सुमेधानं पाहिलं, पाचोळ्यात चालतोय, पण पाचोळा वाजत नाही. मग त्यानं पोरीला घरच्या लाडक्या नावानं हाक मारली. ते याला कुणी सांगितलं?

ती झपाझप चालू लागली. तो बरोबरीनं. हळूच म्हणाला, "सूनबाई, पोरीचा हात खिरीनं चिकट झालाय. सोड थोडं पाणी. मी खाली तळवा धरतो."

तिनं गडू कलता केलाही. आणि थबकली. अहो, दान असंच तर देतात! वस्तू घेणाऱ्याच्या हातावर, नि वरून पाणी. पाणी पडलं की दिलेलं परत घेता येत नाही. आणि इथं त्याच्या तळव्यावर हात होता तो पोरीचा.

तिनं पोरीचा हात ओढून घेतला, शिध्याचे तांदूळ म्हाताऱ्याच्या तळव्यावर ओतले, वर सगळा गडू उपडा केला.

"हे घे. हेच दिलं."

आणि पोरीला उचलून पळाली ती गुरुजींच्या ओटीवरच थांबली. गुरुजींच्या बायकोनं आधी दार लावलं, सगळं ऐकून घेतलं, मग बोल लावले. ज्यांच्या नावानं कुणी पाणी सोडत नाही ते त्या पाणंदीत उभे असतात, पितृपक्षात तिथं पाऊल टाकायचं नाही, पोरीला घेऊन तर नाहीच.

सुमेधानं मान हलवली. पण शंका जाईना. घाबरून दिलेलं ते दान का? आणि पोचलं कुणाला?

मांडीवरून मनवा म्हणाली, "आई, तांदूळ त्यांच्या हातातून खाली पडले. मग मी माझा उष्टा वडा दिला. तो नाही पडला."