सांभाळणारी व्यक्ती

लेक : निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. आठव ना, आई. मागच्या महिन्यात अशी कोणी आली होती का?

आजी : दारावर काय, कोणी ना कोणी येतच असतं. परवा तो पाण्याचं मीटर बघणारा...

लेक : मीटरवाला नको. बाई.

आजी : हां, ती होय! आली होती की. गोड होती बिचारी. मी न सांगता बूट दाराबाहेर काढून आत आली. तू तुझ्या लॅबमध्ये होतीस. चहा दिला तिला.

लेक : आणि मला सांगितलं नाहीस?

आजी : सांगण्यासारखं काय होतं त्यात? आली, बसली, ठमीशी खेळली, चार प्रश्न विचारले, गेली.

लेक : पण तुम्ही दोघी बोललात कशा? तुला इथली भाषा येत नाही, तिला मराठी येत नाही.

आजी : तिने फोन लावला ना. त्यातून एक पोरगा मराठीत बोलत होता. इतकं स्वच्छ मराठी, मला भरूनच आलं बघ. पाच महिने झाले, तुझ्याशिवाय आणि या साडेतीन वर्षांच्या बयेशिवाय कोणाशी बोलले होते मी?

लेक : काय विचारलं तिने?

आजी : पोरीला कोण सांभाळतं? म्हटलं, मी. दिवसभर? म्हटलं, दिवसभर नाहीतर काय अर्धा दिवस? मग विचारलं, आणखी कोणाच्या मदतीची गरज आहे का?

लेक : मग?

आजी : म्हटलं, अहो, सख्खी आजी घरात असताना लेकरू परक्याच्या हाती कशाला देऊ? आम्हाला कशाची कमी नाही. आता अशी काय बघतेस?

लेक : आई, ती विद्यापीठाच्या पाळणाघराची बाई होती.

आजी : अगं बाई.

लेक : इथे पाऊल ठेवलं त्या दिवशी मी नाव घातलं होतं. दीड वर्षाने नंबर लागला. तो लागला म्हणून ती घर बघायला आली होती.

आजी : मला काय स्वप्न पडलं होतं? मला वाटलं, एका खोलीत तीन माणसं राहतात म्हणून कोणीतरी तक्रार केली. म्हटलं, छानच बोलावं. बाहेरच्या माणसापुढे घरातलं रडगाणं गातं का कोणी?

लेक : तू किती दिवस राहणार आहेस, हे नाही विचारलं?

आजी : विचारलं. म्हटलं, हातपाय चालतायत तोवर आहेच मी नातीसाठी.

लेक : हातपाय चालतायत तोवर! नऊ दिवसांनी तुझं विमान आहे, आई. तुझा परवाना संपतोय.

आजी : अगं, बोलायची पद्धत असते ती.

लेक : त्या पद्धतीवर तू सही केलीस. आज सकाळी दाखवला त्यांनी मला कागद. 'घरात कायमस्वरूपी सांभाळणारी व्यक्ती आहे.' खाली तुझी सही, लपेटदार. आमची जागा दुसऱ्या कोणाला गेली.

आजी : मग पुन्हा घाल की नाव.

लेक : घातलं तर पुन्हा दीड वर्ष. तोवर ठमीला कोण बघणार? मी घरी बसले तर हजेरी जाते. हजेरी गेली की इथे राहायचा परवाना जातो आणि ही खोलीही जाते. वर लॅबमधल्या त्या पेशी. दर दोन दिवसांनी त्यांना खाऊ घालावं लागतं, नाहीतर आठ महिन्यांचं काम मरतं. गाईड एकदा ऐकून घेतील, दुसऱ्यांदा नाही.

आजी : पेशींना बरं वेळेवर खाऊ घालतेस. स्वतः दुपारी काय खातेस ते विचारलं तर सांगायचं नाही.

लेक : आई, चेष्टा नको आता.

आजी : मग जावईबापूंना बोलव.

लेक : त्यांचा अर्ज दोनदा परत आलाय. तुला माहीत आहे ते.

आजी : मग राहतं काय? मी नेते ठमीला माझ्याबरोबर. वर्षभर होतीच की माझ्याकडे.

लेक : होती. आणि पाच महिन्यांपूर्वी तू तिला घेऊन आलीस, तेव्हा विमानतळावर तुझ्या पदराआड लपली. मला म्हणाली, "या काकू कोण?" मी हसले तेव्हा. रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडले. पुन्हा नाही, आई. पुन्हा नाही पाठवणार मी तिला.

आजी : हळू बोल. टेबलाखाली बसलीय ती, घर घर खेळतेय. सगळं ऐकते कार्टी.

लेक : ऐक. मी पाळणाघराच्या कचेरीत बसून राहिले, हातापाया पडायची बाकी ठेवली. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, अकरा वाजता फोन करते. तुझ्याशी बोलायचंय त्यांना. तुझ्याशीच, मी मध्ये तोंड घालायचं नाही. तू सांगायचंस की तुला ठमीला सांभाळणं झेपत नाही.

आजी : झेपत नाही म्हणू?

लेक : हो.

आजी : तीन पोरं वाढवली. दिराची दोन वाढवली. तुझ्या आत्याच्या जुळ्यांना महिना महिना ठेवून घेतलं. जन्मात कोणापुढे 'झेपत नाही' म्हटलं नाही, आणि आता त्या फोनमधल्या पोरापुढे म्हणू?

लेक : एकदाच. ठमीसाठी.

आजी : काय सांगू पण? काही कारण नको?

लेक : सांग, गुडघे दुखतात. जिने चढवत नाहीत. हवं तर सांग, चक्कर येते.

आजी : चक्कर येते असं सांगू?

लेक : खोटं आहे, मला कळतं. पण सांग. त्यांना काहीतरी ठोस लागतं. वाजला बघ. मी स्पीकरवर टाकते.

दुभाषी : नमस्कार. मी दुभाषी बोलतोय. पाळणाघर विभागाच्या बाई लाइनवर आहेत. त्या बोलतील ते मी मराठीत सांगेन, तुम्ही बोलाल ते त्यांना सांगेन. माझं स्वतःचं मी काही बोलणार नाही.

आजी : अरे, तूच ना तो मागच्या वेळचा? आवाजावरून ओळखलं. कुठला रे तू?

दुभाषी : मला वैयक्तिक बोलायची परवानगी नाही, आजी. बाई विचारतात, तुमची मुलगी शेजारी आहे का?

आजी : आहे. तोंडावर हात ठेवून बसलीय.

दुभाषी : बाई म्हणतात, त्यांनी उत्तरं सुचवू नयेत. पहिला प्रश्न. मागच्या भेटीत तुम्ही म्हणालात, मदतीची गरज नाही. आज तुमच्या मुलीचं म्हणणं वेगळं आहे. खरं काय?

आजी : आधी तिला विचार, मी खरं बोलले तर माझ्या मुलीवर काही येणार नाही ना? पोर काढून नेत नाहीत ना तिच्यापासून?

दुभाषी : विचारतो. बाई म्हणतात, तसं काही नाही. खरं कळलं तरच मदत करता येते.

आजी : मग लिहून घ्या म्हणावं. मला झेपत नाही.

दुभाषी : काय झेपत नाही, ते सांगाल का? त्यांना उदाहरण हवंय.

आजी : मला चक्कर येते.

दुभाषी : कधी आली होती?

आजी : मागच्या मंगळवारी. दहा, सव्वादहा झाले असतील. शेगडीवर दूध ठेवलं होतं पोरीसाठी. डोळ्यांपुढे काळोख आला. ओट्याला धरायला गेले, तेवढंच आठवतं.

दुभाषी : किती वेळ पडून होतात?

आजी : ते पडलेल्याला कसं कळणार, बाळा? डोळे उघडले तेव्हा घड्याळात पावणेअकरा. दूध जळून कोळसा झालेलं, खोलीभर धूर. आणि ही पोर माझ्या डोक्याखाली उशी सरकवत होती. दोन्ही हातांनी. डोकं उचलेना तिला.

दुभाषी : जरा थांबा, आजी. मी सांगतोय त्यांना. हं. हे आधी कधी झालं होतं?

आजी : त्याच्या आधी एकदा. ठमीला अंघोळ घालताना. तेव्हा बसलेलीच होते, म्हणून निभावलं. पाणी उथळ होतं.

दुभाषी : मुलीला सांगितलंत?

आजी : नाही.

दुभाषी : बाई म्हणतात, तुमचं नाव 'सांभाळणारी व्यक्ती' म्हणून त्या काढून टाकतायत. नातीचं नाव तातडीच्या यादीत गेलं. जागा तीन आठवड्यांनी मिळेल, तसं पत्र उद्या येईल.

आजी : देव भलं करो तिचं.

दुभाषी : पुढे आहे, आजी. तोवर लहान मुलीला तुमच्याकडे एकटं ठेवायचं नाही. तिच्या आईने स्वतः घरी थांबायचं. त्यांना हे नोंदवावं लागतं आणि त्या मध्ये कधीही येऊन बघू शकतात. कळलं का, असं विचारतायत.

आजी : कळलं म्हणावं.

दुभाषी : बाईंनी फोन ठेवला. आजी?

आजी : बोल.

दुभाषी : डॉक्टरांना दाखवा. हे त्या म्हणाल्या नाहीत, मी म्हणतोय. ठेवतो.

लेक : आई! काय बोललीस गं! मी नुसती बघत राहिले. तीन आठवडे ना, काढेन कसेतरी. पाया पडेन गाईडच्या, ठमीला काखोटीला मारून जाईन पेशींपाशी. पण ते दुधाचं कुठून सुचलं तुला? आणि ती उशी?

आजी : सुचलं आपलं.

लेक : मलाच खरं वाटायला लागलं.

आजी : चल, कुकर लावते. उशीर झाला.

लेक : थांब. मंगळवार का म्हणालीस?

आजी : कुठला तरी वार सांगायलाच हवा ना.

लेक : मंगळवारी मी आले तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या. एवढ्या थंडीत. तू म्हणालीस, कोंदट वाटत होतं.

आजी : वाटत होतं.

लेक : आणि दुधाचं पातेलं? म्हणालीस, हातातून पडून चेपलं. आई, माझ्याकडे बघ. कुठे आहे ते पातेलं?

आजी : टाकलं. दोन दिवस घासलं, पण निघेना.

लेक : अगं आई...

आजी : रडू नकोस. ती बघतेय खालून.

लेक : मला का नाही सांगितलंस? या महिन्यात मी रोज दाराला बाहेरून कुलूप घालून जात होते! तूच म्हणालीस, घाल, पोर जिन्यात पळते. तुला काही झालं असतं तर...

आजी : सांगितलं असतं तर काय केलं असतंस? सगळं टाकून घरी बसली असतीस.

लेक : बसले असते!

आजी : म्हणूनच नाही सांगितलं. म्हटलं, एवढे दिवस निभावून नेते, मग नेईन तिला गावी, तिथे चार माणसं असतात. आता बघ, दोन्ही वेळा माझ्याच तोंडाने तुझं वाटोळं झालं. एकदा बढाई मारून आणि एकदा खरं बोलून.

लेक : वाटोळं काय त्यात? तू... तू माझ्या कुलपाआड पडली होतीस, आणि मी तिकडे पेशी मोजत होते.

आजी : मंगळवारपासून कुलूप घालू देत नाही ना तुला? बघितलंस? एवढी अक्कल आहे मला.

लेक : हो. तू म्हणालीस, ठमी आता शहाणी झालीय, पळत नाही.

आजी : झालीच आहे शहाणी. विचार तिला हवं तर.

लेक : ठमे, बाहेर ये, राणी. इकडे बस, माझ्या मांडीवर. आजी जमिनीवर झोपली तर काय करायचं, माहीत आहे तुला?

ठमी : हो. आजीने शिकवलंय.

लेक : सांग बघू.

ठमी : समोरच्या काकांचं दार वाजवायचं. हाताने नाही, पळीने. जोरात.

लेक : शहाणी गं माझी. मग?

ठमी : मग रडायचं नाही.

लेक : आणि मग?

ठमी : मग आईला सांगायचं नाही. आईचा अभ्यास आहे.