खिट्टीवरची तारीख

तेच तर सांगतोय, त्या हँडलला हात लावू नका – म्हणजे लावा, कातकामाचा लेथ विकत घ्यायला आलात तर हात लावणारच, पण जरा बेतानं. फिरवा. बघा, पाव फेरा नुसता मोकळा जातो की नाही? ढिलाई म्हणतात तिला. आता सुरू करून दाखवतो – ऐकलंत? खडखड, खडखड. गिअरमधून येतंय. का येतंय ते देवाला ठाऊक. मी तर म्हणतो असलं मशीन घरात नेऊ नये माणसानं. थांबा, बंद करतो. आणि हळू बोला जरा, समोर ती स्वयंपाकघराची खिडकी आहे ना, ती लागत नाही. आमची ही आत भांडी घासतेय. तिनंच दार उघडलं असेल तुम्हाला, तिनंच मागच्या अंगणातून इकडे पाठवलं असेल, कारण जाहिरात तिनंच दिली. मला विचारून? छे. मला पेपरात वाचून कळलं की माझा लेथ विकायचाय.

बरं, तुम्ही कशाला घेताय? हौस? आगगाडीचं छोटं इंजिन करायचंय? करा, करा. सगळे इंजिनापासूनच सुरुवात करतात. मीही केली होती, त्याची चार चाकं त्या डब्यात आहेत, बाकीचं इंजिन अजून डोक्यात आहे. मी काही कारखान्यातला नव्हे हो. बत्तीस वर्षं वजनकाटे तपासायची नोकरी. गावोगाव हिंडायचं, दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर असली की त्यावर छाप मारायची – वर्ष, महिना. निवृत्त झालो आणि ही शेड बांधली. पण तुम्ही घ्यावा असा लेथ हा नाही, लेथ असा नसावा. सळई पकडणारा हा चकसुद्धा जुना झालाय. वर गंज, खाली तेल गळतं. मला विचाराल तर… काय म्हणालात?

भंगार?

भंगार म्हणालात तुम्ही याला? मी म्हटलं ते वेगळं, मी घरचा आहे. तुम्ही कोण हो? अर्धा तास नाही झाला येऊन. हा बघा, हा स्क्रू. आज सकाळी मीच ढिला केलाय. हा आवळला – आता फिरवा हँडल. कुठे आहे ढिलाई? शोधा. आणि हे गिअरचं झाकण काढतो, हे बघा काय आहे आत – दोऱ्याला बांधलेला वॉशर. गिअरला लागत नाही हं, तेवढा नालायक मी नाही, नुसता झाकणावर आपटतो. घ्या, हा तुमचा खडखडाट. खिशात ठेवा. आता सुरू करतो, कान द्या. आहे आवाज? मांजर झोपल्यावर करतं तेवढा. आता मोठ्यानं बोलतो, मशीन चालू आहे – ही लोखंडी सळई लावली, हे टूल पुढे घेतलं, आणि बघा, कीस कसा एकसंध लांबच लांब निघतोय. तोंड बघा त्या सळईत. बघा तर. एका मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातल्या एका भागाचीही चूक निघाली तर लेथ तुम्हाला असाच देतो. मोजा, तो मायक्रोमीटर घ्या. मोजलंत? मग? भंगार म्हणे.

आता तुम्हाला तो हवासा वाटायला लागला. दिसतंय तोंडावर. मीच मूर्ख. सकाळपासून केलेली मेहनत पाच मिनिटांत पाण्यात घातली.

का विकतेय म्हणून काय विचारता, त्या खिडकीमुळे. चार वर्षांपूर्वी खिडकीची खिट्टी तुटली. ही म्हणाली, बाजारातून आणू या. मी म्हटलं, घरात लेथ असताना बाजारातून? पितळेची करतो, नातवंडं वापरतील. आता खिट्टीला वर गोल बोंड हवं. गोल कातायला वेगळं अवजार लागतं, ते बनवायला घेतलं. त्या अवजाराला खाच पाडायची तर ते धरायला वेगळा शिकंजा लागतो, तो बनवायला घेतला. शिकंज्याला काटकोनी पाट लागला. तुम्ही हसू नका, तुमचंही हेच होणार आहे, इंजिन राहील बाजूला आणि वर्षभर इंजिनाची अवजारं करत बसाल. तर ही रोज साडेपाचला दोन कप चहा घेऊन इथे यायची, त्या स्टुलावर बसायची आणि विचारायची, झाली का खिट्टी? मी म्हणायचो, एक अवजार राहिलंय. ती म्हणायची, तुमचं अवजार कधी संपायचं नाही. आणि मग बसायचीच. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. बहिणीचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची, शेजारणीच्या सुनेची नक्कल करून दाखवायची – ती नक्कल करते हे मला अडतीस वर्षांत माहीत नव्हतं हो. कसं असणार? मी सदा दौऱ्यावर. घरी यायचो ते कपडे धुवायला टाकायला.

खिट्टी? झाली ना. ही काय. या ड्रॉवरमध्ये, कापडाखाली. घ्या हातात. बोंड बघा, नखानं सांधा शोधा, सापडायचा नाही. मागे वळवा. हो, तारीखच आहे ती. दोन वर्षांपूर्वीची. आता तुम्ही तरी असं बघू नका माझ्याकडे. खिट्टी दिली असती तर ती कशाला आली असती इथे? चहा काय, स्वयंपाकघरातही मिळतो. तिथे ती ओट्याशी, मी टेबलाशी, आणि मध्ये रेडिओ. मला ती इथे यायला हवी होती, बास. रोज यायला हवी होती. या वयात बायकोला ये गं बसायला म्हणणार का मी? जीभ वळत नाही. मग म्हणायचो, एक अवजार राहिलंय.

वारा सुटला त्या दिवशी. खिडकीचं दार आपटलं ते थेट तिच्या कपाळावर. टेंगूळ आलं, लिंबाएवढं. मी बर्फ धरून उभा, आणि ती म्हणाली, झाली का हो खिट्टी? आणि मी… सवयीनं गेलं तोंडातून. एक अवजार राहिलंय म्हटलं. अंगण ओलांडलं की हा ड्रॉवर. बारा दिवस झाले, तेव्हापासून ती इथे आलेली नाही. चहा टेबलावर झाकून ठेवते. आणि मग ती जाहिरात. बरोबरच आहे तिचं, मी असतो तिच्या जागी तर लेथ खिडकीतून फेकला असता.

आता देता येत नाही ना खिट्टी, तारीख आहे तिच्यावर. उलटवून बघणारच ती, मी केलेल्या प्रत्येक वस्तूची तारीख बघते. पुसायची म्हटली तर घासून माप कमी होतं, खिट्टी डुगडुगणार. आजची तारीख घालून दुसरी करावी, तर बत्तीस वर्षं छाप मारल्यात, एकही खोटी नाही. दोन वर्षं रोज बायकोशी खोटं बोललो ते चाललं, पितळेवर खोटं लिहायचं म्हटलं की हात उचलत नाही. आहे की नाही गंमत? लेथ गेला तर जाऊ दे हो, पण लेथ गेला की तो स्टूल कशाला ठेवायचा इथे.

मोठ्यानं? अहो, मोठ्यानं बोलतोय कारण मशीन…

मशीन कधी बंद केलंत तुम्ही? मोजायच्या वेळी? म्हणजे खिट्टी काढली तेव्हा ते बंदच होतं? आणि मी मघापासून हा असा ओरडून… थांबा. एक मिनिट. भांड्यांचा आवाज येतोय का तुम्हाला?

मलाही येत नाही.

बघू नका तिकडे. मी बघतो. खिडकीत कप ठेवलेत. दोन. बाहेरच्या कठड्यावर, वाफ निघतेय. नीट मोजा तुम्ही, तुमचे डोळे तरुण आहेत. दोनच ना? घरी कोणी आलं आणि त्याला चहा नाही असं आमच्याकडे आजवर झालेलं नाही. तुम्हाला धरलं असतं तर तीन असते. तेव्हा एक माझा, आणि दुसरा तुमचा नव्हे. आता ती येऊन बसणार आहे की टेंगळाचा हिशेब चुकता करणार आहे ते मला माहीत नाही, पण मागचं दार वाजलं. लेथ विकायचा नाही. ती खिट्टी ठेवा इथे. पालथी ठेवा, तारीख वर. आणि त्या स्टुलावरून उठा आधी.