घोंगडीखालचा हिमालय

नाय नाय, आदी तुमी मला 'हिमालय कसा होता' हे विचारायचं बंद करा! घरात जो येतो तो हेच! चा पितो नि विचारतो... अहो, मला काय ठाव? गेलो होतो ना, गेलोच होतो! पन गेलो म्हंजे बघितला असं कोन म्हनलं तुमाला?

तुमाला सांगतो, खोपोलीच्या कारखान्यात इतकी वर्षं राबलो, तेव्हा कुठं सहकुटुंब प्रवासाची सवलत मिळाली. खात्यातली सगळी मंडळी गेली शिर्डीला नि गोव्याला. मी म्हनलं, छट्! हा हिरामन जाईल तर बरफ बघायला! जल्माला येऊन एकदा, एकदाच, तो पांढरा डोंगर डोळं भरून बघायचा. बास! लई मोठी इच्छा हाय का ओ? नाय ना?

पन आमची आई! अंबाबाई तिचं नाव, अख्खं पोशीर गाव तिला वचकून असतं. आमचा हळवा, म्हंजे लवकर पिकनारा, भात नुकता झोडून झाला होता, आनि नवा भात देवाला दाखवल्याबिगर तोंडाला लावायचा नाय, ही आमच्याकडची रीत. तर आई म्हनते, "शंकराच्या दारात चाललोय ना रं? मग नवा भात तिथंच रांधायचा, त्यालाच दाखवायचा. तवर भाताचं शीत कुनी खायचं नाय!"

झालं! इकडं तांदळाचं गठुडं, तिकडं टोप, काखेत वातीचा स्टो, वर घोंगडी... सहल का बिऱ्हाड? आनि वाटंत नुसत्या रोट्या! सकाळी रोटी, दुपारी रोटी. पोट भरतं ओ, पन जेवलो असं वाटतं का? आपन भात खानारी मानसं! मेव्हना विठू तर झोपेत "वरन... वरन..." करायचा.

बरं, वाटंत काय काय होतं! ह्यो मोठा धबधबा. मी म्हनलं, "आई, बघ तरी!" तर तिनं काय म्हनावं? "ह्यॅ! असलं धबधबं पावसाळ्यात आपल्या गुरांच्या वाटंवर पडतात, फुकाट!" दरी दाखवली, तर "आपला बोरघाट काय वाईट हाय?" आनि आमची इंदू, बायको हो माझी, ती लगेच, "नायतर काय, आई! उगा इतक्या लांब आनलं." म्हनलं, थांबा जरा, बरफाचा डोंगर तरी बघा! तर आई, "आदी भात, मग डोंगर!"

शेवटी बस चढली रोहतांगला. वारा असा की टोपी उडाली ती उडालीच. समोर सगळं ढगात! ड्रायव्हर म्हनला, "रुको, बादल हटेगा तो ऐसा पहाड़ दिखेगा, ऐसा पहाड़...!" सगळी बस डोळं लावून उभी. मी तर सगळ्यांच्या पुढं! आनि मागनं हाक, "हिरामन, स्टो पेटव!"

ड्रायव्हर बिचारा चांगला मानूस. म्हनला, "माताजी, इतनी ऊँचाई पर चावल नहीं गलता." बापरे! आईच्या तांदळाला नाव? कंबर खोचून म्हनली, "तुमचा नसंल शिजत! ह्यो पोशीरचा हाय!"

पेटवला. वारा आला, विझला. पेटवला, विझला. मग आईनं काय करावं? घोंगडी काढली, म्हनली, "सगळी आत या!" आमी चौघं उकिडवं, मधी स्टो, डोक्यावर घोंगडी! आत धूर, रॉकेलचा वास, विठू खोकतोय, इंदूच्या डोळ्यांना धारा... आनि टोपात पानी खदाखदा उकळतंय, पन शीत चेपून बघावं तर खडा! परत झाकन. परत शीत. परत खडा!

आनि तेवढ्यात भाईर गलका! "दिसला! दिसला! अरे बापरे, केवढा!" आमच्या बसमधली एक पुन्याची बाई तर किंचाळलीच, "अहो, हे बघा, अहो, सोन्यासारखा!" मी म्हनलं, "आई, एवढं एक टोक उचलतो गं, एकच डोळा लावतो..." आई म्हनली, "हललास तर वात विझंल! आदी भात!" तुमाला सांगतो, रडू आलं मला. चाळीशीचा बाप्या मी, घोंगडीत बसून रडलो. इंदू म्हनली, "मलाबी धूर लागतोय."

शेवटी बसचा भोंगा वाजला. घोंगडी काढली, तर काय? ढग! ढगच ढग! आईनं तो अर्धाकच्चा भात पानावर वाढला, ढगाला हात जोडलं, म्हनली, "देवा, गोड मानून घे. तुजं दात बळकट हायेत." मग आमी खाल्ला. कुडुम कुडुम!

त्या पुन्याच्या बाईच्या नवऱ्यानं मात्र पत्ता घेतला होता, फोटू धाडला. भिंतीवर लावलाय बघा. परवा येसाजीकाका आले, चष्मा पुसून पुसून बघितला नि म्हनले, "वा रं हिरामन, काय डोंगर हाय! पन पुढं मधीच हा काळा धोंडा कसला रं?"

काय सांगू? म्हनलं, "काका, त्या धोंड्याखाली आमी चौघं हाव. भात शिजायची वाट बघतोय."