निंबाखालची जागा

साक्रीच्या रस्त्यावर, फाट्याच्या हापशाशी चिंधा गुरुजी एसटीची वाट पाहत बसले होते. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. मेंढपाळांची झुंबरबाई हंडा भरत होती. समोरच्या शेतात निंबाखाली एक घरगाडी उभी होती. तिच्यातून उतरून जिनेश आपल्या लहानग्या आयुषीला घेऊन पाण्याला आला.

“भाऊ, ती चाकावरची खोली तुमची?”

“हो अक्का. चूल, पलंग, सगळं बठ्ठं आतच आहे.”

“आमचं बिऱ्हाड घोड्यावर. दिवाळी झाली की निघतो. दरसाल याच शेतात मेंढरं बसवायचो.”

“आता मालकाने जागा गाड्यांना दिलीय. मेंढरं नका आणू.”

“नाही आणत. गाडी तेवढी निंबापासून पुढं घ्या.”

“का? सावली तेवढीच तर आहे.”

“दिवा लावायचा शे. मागल्या साली पोर तापानं गेली. मुक्काम इथंच होता, त्या झाडाखालीच पुरली.”

“अरे... घेतो, लगेच घेतो.”

“केवढी होती ती?” आयुषीने विचारले.

“तुझ्याएवढी.”

“पप्पा, सकाळी सांडपाण्याची टाकी आपण तिथेच रिकामी केली ना?”

“आयुषी, गप्प बस!”

“रागवू नका, भाऊ. खरं बोलली लेक.”

एसटी आली, थांबली आणि निघून गेली. गुरुजी उठले नाहीत.

“ये बेटा, जरा हापस,” झुंबरबाई आयुषीला म्हणाली. “तेवढी जागा धुवायला एक हंडा नाही पुरायचा.”