परत मागितलेली पिशवी

माझं माहेर पाचोडचं. बापाच्या रानात कापूस वेचून बोटं चिरली, मग लग्न होऊन शहरात आले अन् औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली शिलाई मशीन टाकून बसले, ती अजून बसलेलीच हाय. फॉल, पिको, ब्लाउज, लोकांचं ढिलं-तंग करण्यात जन्म गेला.

काय सांगू तुम्हाला, आमचा सचिन इंजिनियर झाला, कंपनीत लागला, अन् एक दिवस म्हणतो, आई, मी नोकरी सोडतो. का रे बाबा? तर म्हणे बाया कापूस वेचताना कमरेला जुनं लुगडं बांधून त्यातच भरतात, पाठ जाते त्यांची, आपण त्यांच्यासाठी पिशवी काढायची, खांद्याला पट्टे, चेन, मोबाईलला खिसा, सगळं. राजीनामा लिहून तयार, शेडसुद्धा बघून ठेवलेलं. म्हटलं, बायांना विचारलंस? तर व्हय, पन्नास जणींकडून फॉर्म भरून घेतले, सगळ्या म्हणाल्या लई भारी. म्हणणारच की. पाहुणा दारी आलाय, चहा पितोय, त्याला तोंडावर कोण सांगंल तुझी पिशवी नको म्हणून? माझ्या ब्लाउजला बी कुणी तोंडावर नाव ठेवलं नाय, फक्त काही जणी पुन्हा आल्या नाहीत.

मी तो राजीनामा घेतला अन् मशीनच्या खणात टाकला. म्हटलं, चार पिशव्या शिवते, पाचोडच्या चौघींना देऊ, आठ दिवसांनी परत मागू. तो म्हणाला, दिलेलं परत मागायचं, वाईट दिसतं. म्हटलं, दिसू दे.

दिल्या, अन् आठ दिवसांनी मागायला गेलो. दोघींनी घडी घालून, हसत आणून दिल्या. सचिन खूश, बघ किती जपल्यात. अरे येड्या, कापसात एक दिवस गेलेल्या कापडाच्या शिवणीत पाल्याचा चुरा बसतोच, ह्या रानात गेल्याच नाहीत. तिसरीनं लसूण भरून ठेवलेला, थांबा, रिकामी करून देते म्हणाली.

राहिली माझी भावजय, कौसावहिनी. ती म्हणाली, वन्सं, ती फाटली, टाकून दिली. आता ही बाई चिंधी टाकत नाय, हे मला ठाऊक. म्हटलं, फाटकी तर फाटकी, दे, शिवते. मग तिनं दाराआडून काढली. पट्टे उसवलेले, चेन गायब, तळ कापून त्याला परकराची नाडी ओवलेली. हे काय गं? तर म्हणाली, रागावू नका, तुमचं शिवण मोडलं. पट्ट्यानं खांदा काचतो, म्हणून कमरेला बांधली, अन् भरली की नाडी सोडायची, कापूस आपोआप खाली. पण परत मागू नका, वेचणी सरली नाय अजून.

सचिन कितीतरी वेळ ती नाडी ओढत होता, सोडत होता, फॉर्मचं नाव काढलं नाय.

तसल्या दहा शिवून देऊन आलोय, ह्या रविवारी मागायला जायचं. राजीनामा अजून खणातच हाय, बॉबिनच्या डबीखाली. देवाला एवढंच म्हणते, निम्म्या तरी जणींनी माझ्या तोंडावर खोटं बोलावं, पिशवी फाटली म्हणून.